बूशोंत जायला भितेस काय!

अगं, ल्योंमध्ये राहून रोज खोलीवर कुकर लावतेस आणि वर मला सांगतेस, “ताई, इथल्या हॉटेलात एकटीनं जायचं धाडसच होत नाही.” काय म्हणावं तुला! खुद्द फ्रेंच माणसं ज्या गावात मुद्दाम जेवायला जातात, तिथं तू शिकायला आहेस. तेव्हा आज जरा ऐक माझं.

आधी ते डोक्यातलं चित्र पुसून टाक. पांढरे हातमोजे घातलेला वेटर, ताटलीच्या दोन्ही बाजूंना काट्यांची पलटण, मध्यभागी इवलासा घास, तसलं काही नाही. तुझ्या गावात ‘बूशों’ आहेत. बूशों म्हणजे खाणावळच गं. लाल-पांढऱ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ, भिंतभर तसबिरी, आणि शेजारच्याचं कोपर लागेल इतकी दाटी. क्र्वा-रूसच्या टेकडीवर रेशीम विणणाऱ्या कारागिरांच्या भुकेवर पोसलेलं हे जेवण, त्यामुळं जनावराचं आतडं, डोकं, पाय, काहीच टाकून दिलं जात नाही. आणि हे सगळं नावारूपाला आणलं ते बायकांनी. श्रीमंतांच्या घरी स्वयंपाकाला राहिलेल्या कितीतरी जणींनी पुढं स्वतःच्या खाणावळी काढल्या. युजेनी ब्राझिए त्यांतलीच. १९३३ साली तिच्या दोन्ही रेस्टॉरंटांना मिशेलिननं तीन-तीन तारे दिले. पॉल बोक्यूजसारखा आचारी तिच्या हाताखाली तयार झाला. अशा बायकांच्या गावात तू भितेस!

जुन्या शहरात दर चार दारांआड ‘बूशों’ अशी पाटी दिसेल. सगळ्याच खऱ्या नसतात, पर्यटकांना गाठायला काढलेल्याही पुष्कळ. २०१२ पासून पारखून घेतलेल्या ठिकाणांना ‘ले बूशों ल्योने’ असं मानचिन्ह मिळतं, ते दारावर शोध. ते नसलं म्हणजे जेवण वाईटच असं नाही, पण पहिल्यांदा जाताना जोखीम कशाला?

दार उघडलंस की आधी “बोंझूर”, संध्याकाळ असेल तर “बोंस्वार”. हे विसरू नकोस हं. त्याशिवाय तोंड उघडलंस तर तू कितीही गोड बोल, त्यांना ते उर्मटच वाटतं. रिकामं टेबल दिसलं म्हणून जाऊन बसायचं नाही, ते दाखवतील तिथं बसायचं. वेटरला चुटकी वाजवून किंवा “गार्सों” म्हणून हाक मारायची नाही, “सिल व्हू प्ले” पुरे.

आता तुझा खरा प्रश्न. मासे-कोंबडी चालते, बीफ-पोर्क नको. बूशोंत हे जरा सांभाळावं लागतं, कारण डुक्कर तिथं कुठंही डोकावतं. ‘सालाद ल्योनेझ’ वाचून तुला वाटेल पालापाचोळा असेल. पण त्यात कुरकुरीत ब्रेडचे तुकडे, अर्धवट शिजलेलं अंडं आणि लार्दों, म्हणजे डुकराच्या चरबीदार मांसाचे तुकडे असतात. नुसतं “मांस नको” म्हणून भागत नाही, कारण लार्दोंना मांसात धरायचं बऱ्याच जणांच्या मनातही येत नाही. स्पष्ट सांग, “सां लार्दों.” आंदुयेत, ताब्लिए द सापर, तेत द व्हो ही नावं दिसली की पुढं सरक. पहिलं डुकराच्या किंवा वासराच्या आतड्यांचं, दुसरं गाईच्या पोटाचं, तिसरं वासराच्या डोक्याचं.

तू कनेल मागव. पाइक नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशाचा गर, अंडी, लोणी, पीठ एकत्र फेटून केलेली लांबट वळी असते. वर झिंग्यांचं लोणी आणि साय घातलेला केशरी नांत्युआ सॉस. भट्टीतून आली की टम्म फुगलेली, कडा खरपूस, सॉस अजून बुडबुडत असतो. लगेच खा, थांबलीस की बसते. मासा नको असेल त्या दिवशी व्हिनेगरातली कोंबडी घे, सोबत बटाट्याचं ग्रातँ. आणि ‘सेर्व्हेल द कान्यू’ बघून दचकू नकोस. मोबाइल तुला ‘विणकराचा मेंदू’ असं भाषांतर करून दाखवेल, पण मेंदूबिंदू काही नाही. चक्क्यात लसूण, हिरवी पात, तेल, व्हिनेगर कालवल्यासारखं ते ताजं चीज आहे. ब्रेडवर थापून खायचं. शेवटी गुलाबी प्रालीनची टार्ट. भयंकर गोड असते, पण एकदा खावीच.

पैशांचं म्हणशील तर कामाच्या दिवशी दुपारी जा, तेव्हा ठरावीक किमतीत दोन-तीन पदार्थांचं जेवण बहुधा मिळतं. वाईन हवी असेल तर जाड बुडाची ४६ सेंटिलिटरची ‘पो’ मिळते, पण एकटीला ती जास्त होईल, पेला मागव. नको असेल तर खुशाल “यून काराफ दो” म्हण. नळाचं पाणी नि ब्रेड जेवणाबरोबर फुकट देणं त्यांना कायद्यानंच बंधनकारक आहे, त्यात लाजायचं काय? ब्रेडला वेगळी ताटली नसते, टेबलक्लॉथवरच ठेवायचा. सेवेचे पैसे बिलातच असतात. खूश झालीस तर एखाददुसरा युरो ठेव, नाहीतर नको. उरलेलं बांधून मागायलाही हरकत नाही, २०२१ पासून तसा डबा देणं त्यांना भाग आहे.

आणि बिल आपणहून येणार नाही. वेटर विसरला म्हणून चुळबुळ करू नकोस. जेवणाऱ्याला उठवणं त्यांच्या लेखी असभ्यपणा आहे. टेबल तुझं आहे. कॉफी पी, ती गोडानंतर येते, सोबत नाही. वाटलं की “लादिसियों” म्हणायचं.

एकटी आहेस म्हणून कुणी वळून बघणार नाही. तिथं म्हाताऱ्या आज्या एकट्या येऊन तीन पदार्थांचं जेवण चवीनं जेवतात. फक्त जागा कमी असते, दुपारी दोनच्या पुढं स्वयंपाकघर बंद होतं आणि रविवार-सोमवारी कित्येक बूशों उघडतच नाहीत. तेव्हा शुक्रवारच्या दुपारचं एक टेबल आजच फोन करून ठरव.