पुरलेले कीटकनाशक उकरताना पाण्यावर नजर हवी

बी.एच.सी. भुकटी आठवत नाही असा जुना शेतकरी विरळाच. हुमणी, नाकतोडे यांसाठी ही १० टक्के भुकटी पोत्यांनी वापरली जाई. आपल्या देशात बी.एच.सी.वर १९९७ पासून, तर तिच्यापासून वेगळे काढलेल्या लिंडेनच्या वापरावर २०१३ पासून बंदी आहे. तरीही एखाद्या जुन्या गोदामात शिल्लक पोते सापडते आणि ‘खड्डा काढून पुरून टाकू’ असा सोपा विचार मनात येतो. परंतु पुरलेले औषध संपत नाही. ते पुन्हा बाहेर काढणे किती जिकिरीचे असते, हे स्पेनमधील एका उदाहरणावरून लक्षात येईल.

बाइलिन येथील अनुभव

उत्तर स्पेनमधील साबिन्यानिगो येथे १९७५ पासून १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत लिंडेन तयार होत असे. कच्च्या बी.एच.सी.मध्ये कीड मारणारा गॅमा समघटक साधारण १० ते १५ टक्केच असतो. तो काढून घेतल्यावर उरतो तो भाग निरुपयोगी, पण विषारी. हा टाकाऊ माल बाइलिन येथील ओढ्यालगतच्या जागेत पुरला गेला. खालचा खडक भेगाळलेला होता. मालातून सुटलेले, पाण्यापेक्षा जड असे तेलकट द्रव्य भेगांतून खोल उतरले व भूजल दूषित झाले.

२०१४ च्या उन्हाळ्यात सुमारे ६५,००० टन टाकाऊ माल व ३,४२,००० टन दूषित माती उकरून जवळच अस्तर घालून बांधलेल्या नव्या खड्ड्यात हलविण्यात आली. हेतू चांगला होता. परंतु दूषित पाणी ओढ्यावाटे गायेगो नदीत पोहोचले. सप्टेंबरमध्ये नदीतील लिंडेन पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि काठच्या काही गावांना नदीचे पाणी बंद करून दुसरी सोय करावी लागली. युरोपात ही मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम, म्हणजे एक कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम इतकी आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. खड्डा झाकलेला असताना पाझर हळूहळू होतो. तो उघडला की पावसाचे पाणी, वारा व यंत्रांची चाके विष बाहेर नेतात. म्हणून सफाईचा काळ हाच सर्वांत जोखमीचा असतो.

देखरेख कशाची करावी?

१) भूजल : खड्ड्याच्या वरच्या व खालच्या अंगाला निरीक्षण विहिरी घ्याव्यात. पाण्याची पातळी मोजावी. जड द्रव्य तळाशी बसते, म्हणून तळाचाही नमुना घ्यावा.

२) ओढा व नदी : कामाच्या जागेच्या वर व खाली, दोन्ही ठिकाणी नमुने घ्यावेत. मोठ्या पावसानंतर ताबडतोब नमुना घेणे फार महत्त्वाचे आहे.

३) हवा व धूळ : वाऱ्याच्या दिशेला, जागेच्या हद्दीवर तपासणी ठेवावी. उकरलेला माल झाकून ठेवावा.

४) तळाची माती : माल काढल्यावर उरलेली माती तपासल्याखेरीज खड्डा बुजवू नये.

काम सुरू होण्यापूर्वीचे आकडे हाताशी नसतील, तर नंतर आढळलेले विष जुने की नवे हे सांगता येत नाही. तसेच कोणता आकडा ओलांडला की काम थांबवायचे, हे आधीच ठरलेले असावे आणि खालच्या गावांना त्याच दिवशी सूचना मिळावी. केवळ वहीत नोंद करून पाणी पिणाऱ्याचे रक्षण होत नाही.

शेतकऱ्यांनी काय करावे?

आपल्या भागात असे काम निघाल्यास, ते सुरू होण्याआधीच विहिरीचे पाणी तपासून घ्यावे. पंप काही वेळ चालवून मगच नमुना घ्यावा. प्रयोगशाळेने दिलेली काचेची बाटली वापरावी. अशी औषधे प्लॅस्टिकला चिकटतात व आकडा कमी दिसतो. बाटली काठोकाठ भरून, विहिरीचे नाव, तारीख व वेळ लिहून, उन्हापासून दूर, बर्फात ठेवून लवकर पोहोचवावी. काम चालू असताना व संपल्यावर त्याच विहिरीचा नमुना पुन्हा द्यावा.

घरातील जुने औषध पुरू नये, जाळू नये, ओढ्यात किंवा पडक्या विहिरीत टाकू नये. मूळ वेष्टनातच, फुटके असल्यास दुसऱ्या घट्ट डब्यात घालून, नाव लिहून कुलपात ठेवावे व कृषी अधिकाऱ्यांना कळवावे. धान्य, चारा व मुले यांपासून ते दूर असावे.

एक पोते पुरायला अर्धा तास पुरतो. त्याच्यामुळे बिघडलेली विहीर मात्र पुढच्या पिढीलाही सुधारता येईलच असे नाही.