दीड लाखाचा पेशंट

दीड लाख रुपयांची गोष्ट आठवते का? 2020 च्या पावसाळ्यात सातारा-सांगलीकडचा एखादा पार त्या गोष्टीवाचून राहिला असेल, असं मला वाटत नाही. ‘एक माणूस कोरोना पॉझिटिव्ह दाखवला की दीड लाख मिळतात.’ कुणाला मिळतात? कुणी म्हणायचं नगरपालिकेला, कुणी म्हणायचं दवाखान्याला, कुणी थेट वरपर्यंत जायचं. आकडा मात्र ठाम, दीड लाखच. आणि सांगणारे कोण? शाळेतले सर, विकास सोसायटीचे सचिव, मेडिकलवाले, बँकेतून निवृत्त झालेले आण्णा. मुलाला सायन्सला घालू की कॉमर्सला, हे आपण ज्यांना विचारतो, तीच माणसं.

आईबाबांनो, ही जुनी गोष्ट मी आज उकरून काढते आहे ती मुलांसाठी. तेव्हा तिसरी-चौथीत असलेलं, शाळा बंद म्हणून दिवसभर घरात बसलेलं पोर आज नववी-दहावीत आहे. त्याला तेव्हा विषाणूतलं काही कळत नव्हतं. पण घरातली मोठी माणसं घाबरली की काय करतात, कुणाचं ऐकतात, कशावर पटकन हो म्हणतात, हे ते बारकाईनं बघत होतं. ऑनलाइन शाळेत फारसं काही शिकलं नसेल, हे मात्र नक्की शिकलं.

आपण मुलांना सांगत आलो, ‘शिक, म्हणजे कुणी फसवणार नाही.’ हे अर्धंच खरं आहे. शिकलेला माणूस फसतो तेव्हा जास्त पक्का फसतो, कारण आधीच मनात बसलेल्या गोष्टीसाठी कारणं जुळवायला त्याच्याकडे शब्द असतात, आकडे असतात, चारचौघांत वजन असतं. त्यामुळे ‘एवढा शहाणा माणूस आणि असं कसं बोलतो?’ हा प्रश्नच मला उलटा वाटतो. शहाणपणातलं नेमकं काय त्याला तिकडे घेऊन गेलं, ते बघायला हवं.

आधी त्या आकड्याकडेच बघू. पॉझिटिव्ह माणसामागे बक्षीस द्यायची कुठलीही योजना नव्हती. पण दीड लाख हा आकडा हवेतून पडला नव्हता. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत त्या काळी एका कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतच्या उपचारांचं संरक्षण होतं, आणि मे 2020 मध्ये सरकारनं ही योजना राज्यातल्या सगळ्याच रहिवाशांना खुली केली. म्हणजे दीड लाख ही विम्याची कमाल मर्यादा. दवाखान्याबाहेरच्या फलकावरून, पेपरातल्या बातमीतून ती लोकांच्या डोक्यात गेली आणि पारावर येईपर्यंत तिचं बक्षीस झालं, असा माझा तर्क आहे. पक्की अफवा अशीच असते. तिच्या पोटात एखादा खरा दाणा असतो, म्हणून हिशेबी माणसाला ती पटते. पेपर न वाचणाऱ्याला ‘दीड लाख’ ओळखीचा वाटलाच नसता.

आणि संशय यावा असं पुष्कळ काही डोळ्यांसमोर घडत होतं, हेही कबूल करायला हवं. माणूस आपल्या पायांनी ॲम्ब्युलन्समध्ये बसायचा आणि परत यायचा तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, तोही घरी नाही, परस्पर स्मशानात. तोंड बघायला मिळायचं नाही. मग ‘किडन्या काढून घेतात’ ही अफवा पिकायला वेगळं खत लागलं नाही. बिलांचं तर विचारूच नका. 21 मे 2020 ला सरकारला खाजगी दवाखान्यांचे दर बांधून द्यावे लागले: साध्या वॉर्डाला दिवसाला 4000, आयसीयूला 7500, व्हेंटिलेटरसह 9000. बिलं तपासायला लेखापरीक्षक बसवावे लागले. जून 2021 मध्ये मिरजेतल्या एका खाजगी कोविड रुग्णालयाच्या डॉक्टरला रुग्णांच्या मृत्यूंच्या प्रकरणात अटक झाली. एवढं सगळं बघितलेल्या माणसाला ‘तुम्ही उगाच संशय घेता’ असं म्हणणं म्हणजे त्याच्या अनुभवालाच खोटं ठरवणं. तो आपलं पुढचं एक अक्षर ऐकणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं असंही मला वाटत नाही.

पाय घसरतो तो पुढच्या पायरीवर. ‘काही दवाखान्यांनी लुटलं’ इथून माणूस ‘म्हणजे रोगच नव्हता’ इथे उडी मारतो. पहिल्या वाक्यामागे कागद असतात. बिल असतं, तक्रार असते, लेखापरीक्षकाचा शेरा असतो, गुन्हा नोंदवलेला असतो. ते वाक्य चुकीचंही ठरू शकतं, म्हणूनच त्याला किंमत आहे. दुसऱ्याला कशाचीच गरज नसते. पुरावा नाही? तो दडपला. डॉक्टर नाही म्हणतात? तेही सामील. डॉक्टरच कोविडनं गेले? गप्प बसवलं असेल. काहीही झालं तरी जे खरंच ठरतं, त्यापासून जपून राहावं. नववी-दहावीतल्या मुलाला हा फरक नीट समजतो. आपल्याला समजायला वेळ लागतो, कारण आपण त्या दिवसांत होरपळून निघालो आहोत.

हे काही व्हॉट्सॲपनं आणलेलं नवं खूळ नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा ना मोबाइल होता ना टॉवर. तरी बातमी पसरली की दवाखान्यात नेलेल्या माणसांना मारून त्यांच्या देहातून ‘मोमियाई’ नावाचं औषध काढतात. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस शेकडो गिरणी कामगार आर्थर रोडच्या दवाखान्यावर चालून गेले. गिरणगावात कोकणाच्या जोडीला आपल्या घाटावरची, साताऱ्याकडची माणसंही पुष्कळ होती. ती वेडी नव्हती. त्यांना दिसत होतं ते इतकंच की आत गेलेला बहुतेक परत येत नाही, आणि नेणारे सरकारी लोक कुणाचं काही ऐकून घेत नाहीत. प्लेगच माणसं मारत होता. पण प्लेग दिसत नव्हता आणि दवाखाना दिसत होता.

त्याच साथीत, 10 मार्च 1897 ला, सावित्रीबाई फुले गेल्या. खंडाळा तालुक्यातल्या नायगावची ही लेक. डॉक्टर मुलगा यशवंत आणि त्या, दोघं पुण्याबाहेर प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होते, आणि मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आणल्यावर त्यांना प्लेगनं गाठलं. रोग्याला धरून नेणारं सरकार आणि रोग्याला पाठीवर घेणारी बाई, दोघांचीही दिशा दवाखान्याचीच होती. लोकांचा भरवसा कुणावर बसला असेल, हे मी सांगायला नको.

आता थोडं मनाच्या आतलं. 2 ऑगस्ट 2021 ला राज्यात बऱ्याच ठिकाणी निर्बंध सैल झाले, पण अकरा जिल्ह्यांत ते तसेच राहिले. त्यांत सातारा होता, सांगली होती, शेजारचा कोल्हापूरही होता. दीड वर्ष शटर खाली-वर करून दमलेल्या दुकानदारानं विचारलं, ‘आपल्यालाच का?’ उत्तर होतं पॉझिटिव्हिटीचा दर, म्हणजे शंभर चाचण्यांमागे किती बाधित, त्याचा हिशेब. हे उत्तर बरोबर असेल, पण त्यानं दुकान उघडत नाही. ‘कुणीतरी मुद्दाम करतंय’ या उत्तरानंही दुकान उघडत नाही, पण निदान राग धरायला माणूस मिळतो. 2008 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. आपल्या हातात काही उरलं नाही असं वाटायला लावलं की माणसांना नुसत्या ठिपक्यांतही आकृत्या दिसायला लागतात आणि साध्या घटनांमागे कट दिसायला लागतो. दुकानदाराचा दोष एवढाच की तो माणूस होता.

दुसरी एक गंमत तुम्ही घरात ऐकली असेल. एकच काका संध्याकाळी सहाला म्हणायचे, ‘कोरोना-बिरोना काही नाही, साधा सर्दी-खोकला आहे.’ आणि जेवताना म्हणायचे, ‘चीननं मुद्दाम सोडलाय, जग संपवायला.’ दोन्ही एकदम खरं कसं असेल? इंग्लंडमधल्या केंट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये अशीच जोडी दाखवली होती. राजकन्या डायनाचा खून झाला असं मानणारी माणसं ‘ती मेलीच नाही, मरणाचं सोंग केलं’ हेही जास्त मानत होती. दोन्ही विधानं एकमेकांना छेदतात, पण त्यांच्याखाली एकच भावना असते: वरचे लोक आपल्यापासून लपवतात. काकांच्या विधानांशी वाद घालून उपयोग नाही तो यामुळेच. विधानं पाहुणी आहेत, मुक्कामाला आहे तो अविश्वास.

शिवाय आपण वाक्यावर विश्वास ठेवत नाही, माणसावर ठेवतो. एप्रिल 2021 मध्ये, दुसरी लाट चढत असताना, संभाजी भिडे यांनी सांगलीत जाहीरपणे सांगितलं की कोरोना हा रोगच नाही. ज्या तरुणांनी त्यांच्याबरोबर गडकोट पालथे घातले होते, त्यांना हे वाक्य वैद्यकशास्त्राच्या तराजूत तोलायचं सुचलं नसेल. त्यांच्यासाठी ते ‘आपल्या’ माणसाचं वाक्य होतं. नाकारायचं म्हणजे नुसतं मत बदलायचं नव्हतं, सोबत सोडायची होती. आपल्याला हे त्यांच्यात पटकन दिसतं. पण आपापल्या पक्षाच्या, जातीच्या, गुरूच्या, चॅनेलच्या बाबतीत आपण वेगळं काय करतो?

त्यात परत परत ऐकण्याची भर. एखादं वाक्य वारंवार कानावर पडलं की ते खरं वाटू लागतं, हे 1977 पासून प्रयोगांत दिसत आलं आहे. भावकीच्या ग्रुपवर, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर आणि सोसायटीच्या ग्रुपवर एकच मेसेज आला की आपल्याला वाटतं तीन साक्षीदार मिळाले. साक्षीदार एकच असतो, बहुधा बिननावाचा. मे 2021 मध्ये ‘फाइव्ह-जीच्या चाचणीमुळे माणसं मरताहेत’ असं पसरलं, तेव्हा दूरसंचार खात्याला सांगावं लागलं की देशात ती चाचणी अजून कुठेच सुरू झालेली नाही. तोवर मेसेज कितीतरी ग्रुप फिरून आला होता.

यात सगळ्यात जपून बोलायची जागा म्हणजे आईबापाची माया. सप्टेंबर 2022 मध्ये जत तालुक्यातल्या लवंग्यात उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना पट्ट्यानं, काठ्यांनी मारहाण झाली. देवदर्शनाला निघालेल्या त्या माणसांनी एका मुलाला रस्ता विचारला होता. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा आधीच गावोगाव पोचली होती. पोलीस आले म्हणून ते वाचले. त्याआधी, 1 जुलै 2018 ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच संशयावरून मंगळवेढ्याकडच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं होतं. लवंग्यात हात उगारणाऱ्यांच्या घरीही लहान मुलं असतील. लेकरांच्या काळजीपोटीच तो हात उठला असणार, आणि म्हणूनच तो थांबला नाही. ‘मुलांसाठी’ म्हटलं की आपण तपासणं बंद करतो.

मग घरात करायचं काय? पहिलं म्हणजे, पोरांना आजोबांची टिंगल करू देऊ नका. ‘आप्पा, तुम्ही पण काय अडाण्यासारखं!’ असं नातीनं म्हटलं की आप्पा गप्प होतात आणि मोबाइल घेऊन माडीवर जातात. तिथे त्यांना मान देणारे मेसेज वाट बघत असतात. साताऱ्याचे डॉक्टर नरेंद्र दाभोलकर भोंदूगिरीशी आयुष्यभर लढले, आणि 20 ऑगस्ट 2013 ला त्यांचा खून झाला. पण देवाला मानणाऱ्या साध्या माणसाशी त्यांचं भांडण नव्हतं, त्याला लुबाडणाऱ्याशी होतं. आप्पांच्या बाबतीत हा भेद घरात पाळता येतो.

नातीला त्याऐवजी प्रश्न विचारायला शिकवा. ‘आप्पा, हे कुणी सांगितलं? त्याला कसं कळलं?’ आणि थोड्या वेळानं, प्रेमानं, ‘हे खोटं आहे हे तुम्हाला कशानं पटेल?’ आप्पा म्हणाले, ‘कशानंच नाही’, तर वाद तिथेच सोडून चहा ठेवायचा. म्हणाले, ‘आपल्या डॉक्टरांनी सांगितलं तर’, तर दार किलकिलं आहे. फॅमिली ग्रुपवर सगळ्यांदेखत दुरुस्ती करू नये, वेगळा फोन करावा. चारचौघांत चुकलो म्हणायला कुठल्याच आण्णांना आवडत नाही. आणि पोरीनं हेच प्रश्न उद्या तुम्हाला विचारले तर डोळे वटारू नका. ‘तुला काय कळतंय?’ हे आपलं लाडकं उत्तर आहे. त्या उत्तरानं मुलं एवढंच शिकतात की खरं-खोटं वयावर आणि आवाजावर ठरतं.

या सगळ्याची परीक्षा लांब नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये गोवर-रुबेलाची लस शाळाशाळांतून दिली गेली, तेव्हा राज्यात काही ठिकाणी पालकांनी अफवा ऐकून मुलांना त्या दिवशी घरीच ठेवलं. पुन्हा कधीतरी शाळेतून असा एखादा कागद घरी येईल, आणि तो येण्याआधीच ग्रुपवर एखादा व्हिडिओ आलेला असेल. त्या दिवशी व्हिडिओ लपवू नका, मुलीलाही दाखवा. तिला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, आरोग्यसेविकेसमोर बसवा आणि तिलाच विचारू द्या: ही लस कशासाठी, ताप येतो का, कुणाला द्यायची नसते, काही झालं तर कुठे यायचं. सिस्टर कामाच्या गर्दीत असतील, एखाद्या वेळी चिडतीलही. तरी थांबा. पोरगी वहीत उत्तरं लिहून घेईल, नि घरी आल्यावर आप्पा विचारतीलच, ‘काय म्हणाल्या गं सिस्टर?’