जीपची बॅटरी सीटखाली न्यावी का?

प्रश्न : आमच्याकडे जुनी फोर-बाय-फोर डिझेल जीप आहे. शेतात जायला पांदण रस्ता. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकांना धरतो आणि मधल्या नाल्याला गुडघ्याच्या वर पाणी येतं. बॅटरी बोनेटखाली, इंजिनाला खेटून आहे. दोन उन्हाळे काढले की बसते, सेल्फ उचलत नाही. गावातला मिस्त्री म्हणतो, बॅटरी सीटखाली नाहीतर पार मागं नेऊन टाकू. इंजिनाची आच लागणार नाही, पाणी लागणार नाही आणि मागच्या चाकांवर वजनही येईल. ऐकावं का त्याचं?
— एक वाचक, चांदूर रेल्वे

उत्तर : मिस्त्रीनं दिलेल्या तीन कारणांपैकी आचेचं तेवढं पटण्यासारखं आहे.

वजनाचं आधी उरकून टाकू. अशा जीपची बॅटरी वीस किलोच्या आसपास भरते. सव्वा-दीड टनाच्या गाडीत वीस किलो पुढून मागं गेले तर चिखलात तुम्हाला काही जाणवायचं नाही. त्यापेक्षा युरियाचं एक पोतं मागं टाका, 45 किलो आयते मिळतील.

पाण्याचं कारण तर चक्क उलटं आहे. जीपशेजारी उभं राहून नजरेनंच माप घ्या. बोनेटखालची बॅटरी जमिनीपासून किती उंच आणि सीटखालचा पत्रा किती उंच? पत्रा खाली आहे. नाल्याचं पाणी दारातून आत आलं की आधी तिथंच साचणार. उलट बोनेटखालच्या बॅटरीपर्यंत पाणी चढलं, तर बॅटरीची काळजी करायला वेळच उरणार नाही. तोवर एअर फिल्टरच्या तोंडातून इंजिन पाणी प्यालेलं असेल. सिलिंडरमधली हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खाली उतरवावं लागतं. नाल्याचीच भीती असेल तर पैसे स्नॉर्केलवर घाला. हवा ओढणारं तोंड तेवढं टपाच्या उंचीला जाऊ द्या.

आता आच. वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 च्या घरात असतो. चालत्या गाडीच्या बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त, आणि गाडी थांबवून इंजिन बंद केलं की पंखाही थांबतो, तेव्हा काही वेळ आणखी वाढतं. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा ढोबळ नियम असा की 25 अंशांच्या वर दर 10 अंशाला आयुष्य जवळपास निम्मं होतं. आतल्या पाण्याची वाफ होते, पॉझिटिव्ह प्लेटची जाळी गंजून ठिसूळ होते. म्हणून थंड मुलखात पाच-सहा वर्षं चालणारी बॅटरी आपल्याकडं तीन वर्षांतच मान टाकते. पण दोन उन्हाळे म्हणजे जरा लवकरच झालं. नुसत्या उन्हावर खापर फोडण्याआधी दोन गोष्टी तपासा.

पहिली, चार्जिंग. इंजिन गरम असताना, थोडा रेस देऊन बॅटरीच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावा. 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले तर ठीक. 14.8 च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडलाय आणि तो बॅटरी उकळतोय. दर आठ-पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड वॉटर घालावं लागत असेल तर हीच शंका आधी घ्या. अशा गाडीत बॅटरी कुठंही ठेवा, ती तितकीच लवकर मरेल. दुसरी गोष्ट म्हणजे क्लॅम्प. बॅटरी हातानं हलवून बघा. जराही हलली तर पांदणीच्या प्रत्येक खड्ड्यात आतल्या प्लेटांवरचा लेप झडतोय, तळाला गाळ साठतोय आणि शेवटी तोच गाळ प्लेटा शॉर्ट करतो. सायकलच्या ट्यूबचा पट्टा किंवा नायलॉनची दोरी चालत नाही, लोखंडी पट्टी आणि दोन बोल्ट पाहिजेत.

हे दोन्ही नीट असेल, तर बॅटरी आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांच्यामध्ये जस्ताच्या पत्र्याची आडभिंत उभी करा. पत्रा बॅटरीला चिकटवायचा नाही, दोन बोटं हवा सोडायची. काम अर्ध्या दिवसाचं, खर्च किरकोळ. तुमच्यासारख्या वापराला माझा सल्ला इथंच संपतो.

मग लोक बॅटरी हलवतात कशाला? कारण त्यांना बोनेटखाली जागा लागते. गोव्यात 2014 पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा होऊ लागली. तिथल्यासारख्या गाड्यांना पुढं इलेक्ट्रिक विंच असतो. पूर्ण भार पडला की तो तीन-चारशे अँपिअर ओढतो, म्हणून बॅटऱ्या दोन लागतात. त्यात मोठा एअर बॉक्स आला की बोनेटखाली हात घालायलाही जागा उरत नाही. उद्या तुम्ही विंच बसवलात तर हा विचार रास्त ठरेल. तेव्हाही पार मागं जाऊ नका. पुढच्या सीटखाली जेवढी जवळ बसेल तेवढी बसवा.

कारण बॅटरी हलवणं म्हणजे खरं तर केबल वाढवणं, आणि मिस्त्री लोक नेमकी तिथंच काटकसर करतात. हिशोब साधा आहे. डिझेल इंजिन फिरवताना स्टार्टर 300 अँपिअर ओढतो असं धरा. बॅटरी मागं गेली, केबल चार मीटरची झाली, आणि दुकानात होती ती 16 स्क्वेअर एमएमची वापरली, तर वाटेतच जवळजवळ दीड व्होल्ट जिरतो. सेल्फ मारताना बॅटरी तशीही 12.6 वरून साडेदहापर्यंत खाली येते. म्हणजे स्टार्टरच्या हाती उरले नऊ. जानेवारीतल्या पहाटे ते इंजिन कण्हत राहील आणि तुम्ही म्हणाल, बॅटरी खराब. तीच चार मीटर केबल 50 स्क्वेअरची घेतली तर नुकसान अर्ध्या व्होल्टच्या आत. सीटखालून दोन मीटरमध्ये भागलं तर 35 स्क्वेअरलाही पाव-तिसरा हिस्सा व्होल्टच जातो.

केबल तांब्याचीच घ्या. वेल्डिंग केबल म्हणून बाजारात अ‍ॅल्युमिनियमचीही मिळते, स्वस्त पडते आणि वरच्या काळ्या रबरावरून ओळखू येत नाही. टोक कापून आतला धागा पात्यानं खरवडायचा. लालसर निघाला तर तांबं, खरवडूनही पांढराच राहिला किंवा वरचा लाल मुलामा जाऊन आत पांढरा दिसला तर परत द्यायची. लग हातोडीनं ठोकून बसवू देऊ नका. विजेच्या लाईनीची कामं करणाऱ्या ठेकेदाराकडं हायड्रॉलिक क्रिम्पिंगचं यंत्र असतं, चार लग दाबून द्यायला त्याला दहा मिनिटं लागतात.

अर्थिंग बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. जेवढा करंट पॉझिटिव्हनं जातो तेवढाच परत यायला हवा. बॅटरीची निगेटिव्ह चेसिसला जोडली, पण इंजिन तर रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. चेसिस ते इंजिन अशी जाड पट्टी नसेल, किंवा तिच्याखाली रंग आणि गंज असेल, तर करंट दुसरी वाट शोधतो. ही वाट पुष्कळदा अ‍ॅक्सिलरेटरची तार असते. सेल्फ मारला की तार गरम होते, तिचं आवरण वितळून धूर निघतो आणि गॅरेजवाले दोन दिवस भलतीकडंच शोधत बसतात. रंग खरवडून उघड्या लोखंडावर बोल्ट आवळा, मग वरून ग्रीस लावा.

आगीचं बोलायलाच हवं. कंपनीतून येणारी स्टार्टरची केबल हातभर असते, त्यामुळं तिला बहुधा फ्यूज नसतो. तीच केबल पत्र्याच्या भोकातून, सायलेन्सरच्या शेजारून चेसिसभर फिरवली की कुठंतरी घासणारच. शिवाय आपल्याकडं सोयाबीन निघालं की शेतातले उंदीर गाडीत मुक्कामाला येतात, आणि वायर कुरतडायला त्यांना काही निमित्त लागत नाही. चेसिसला चिकटलेली बिनफ्यूजची केबल क्षणात लाल होते. म्हणून बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतराच्या आत बोल्टनं आवळायचा मेगा फ्यूज टाका, क्षणभराच्या जोरानं न उडणारा आणि स्टार्टरच्या मापाचा. तसाच हातानं बंद करता येणारा कट-ऑफ स्विच बसवा. भोकाला रबरी ग्रॉमेट, केबलवर नळी, आणि ठिकठिकाणी क्लिपा. बीएमडब्ल्यूच्या कितीतरी मॉडेलांत बॅटरी डिकीत असते. पण तिथं अपघात झाला की स्टार्टरची केबल बारुदाच्या छोट्या स्फोटानं बॅटरीपासून तोडणारं टर्मिनल कंपनीनंच दिलेलं असतं.

सीटखालचा आणखी एक धोका जुन्या फोक्सवॅगन बीटलनं जगाला दाखवला. तिची बॅटरी मागच्या सीटखाली होती. वरचं झाकण हरवलेलं असलं आणि जाडजूड माणूस बसला की सीटची स्प्रिंग टर्मिनलला टेकायची आणि काथ्या पेटायचा. तेव्हा झाकणासहित पेटीच करा. साधी पाणी घालायची बॅटरी माणसं बसतात तिथं ठेवू नये. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, आणि हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते. शिवाय जीप कलली की अ‍ॅसिड सांडतं. बंद एजीएम बॅटरी घ्या आणि पेटीची हवा नळीनं खाली, बाहेर काढा. पेटीच्या स्टँडचं वेल्डिंग करताना बॅटरी गाडीत नको आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडलेल्या असाव्यात. सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही.

झालेलं काम तपासायची रीत मिस्त्रीसमोरच वापरा. मल्टिमीटरची लाल दांडी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळी स्टार्टरच्या बोल्टवर, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर केबल किंवा लग कच्चा. मग एक दांडी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. तिथं पाव व्होल्टच्या आसपास चालतं. हे आकडे बघितल्याशिवाय मजुरी देऊ नका.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितलं. बॅटरीची जागा आरसी बुकात लिहिलेली नसते, त्यामुळं आरटीओपेक्षा विम्याकडं जास्त लक्ष द्या. शॉर्ट सर्किटनं गाडी जळाली तर सर्व्हेयर पहिल्यांदा बाहेरून जोडलेली वायरच शोधतो. विमा कंपनीला आधी लेखी कळवा, बिलं जपा. गाडी वॉरंटीतली किंवा स्टार्ट-स्टॉपवाली नवी असेल तर हा नाद करूच नये. तिच्या निगेटिव्ह टोकावर बॅटरीची नाडी बघणारा सेन्सर असतो, आणि तो चुकीचा जोडला की सगळं चार्जिंग बिघडतं.

प्रश्न : बॅटरी काढून ठेवायची तर सिमेंटच्या फरशीवर ठेवू नये, उतरते, असं आमचे बाबा सांगतात. खरं आहे का?
— एक वाचक, मूर्तिजापूर

उत्तर : त्यांच्या लहानपणी खरं असेल. तेव्हाच्या पेट्या लाकडाच्या किंवा कडक रबराच्या असत. त्यांतून अ‍ॅसिड झिरपायचं आणि ओलसर फरशीवरून करंट गळायचा. आता पेटी पॉलिप्रोपिलीनची असते, तिच्यातून काही जात नाही. बॅटरी आपोआप उतरते ती उष्णतेनं. दर 10 अंशाला तो वेग साधारण दुप्पट होतो, त्यामुळं टिनाच्या शेडमधल्या वरच्या फळीपेक्षा गार फरशी कधीही बरी. फरशीपेक्षा बॅटरीच्या माथ्यावरच्या ओलसर धुळीवर संशय घ्या. मल्टिमीटरची एक दांडी टर्मिनलवर आणि दुसरी नुसती प्लास्टिकच्या माथ्यावर टेकवली तरी मळक्या बॅटरीत एखाद-दोन व्होल्ट दिसतात. हीच ती गळती. बुचं घट्ट लावून, खायचा सोडा पाण्यात कालवून माथा पुसा. फेस थांबला की साध्या पाण्यानं फडकं मारा. सोड्याचा थेंबही आत जाता कामा नये.