सनस्क्रीनच्या वळ्या का निघतात?

पालघर-बोईसर भागातल्या वाचकांचा उन्हाळ्यातला नेहमीचा प्रश्न: लोशनवर सनस्क्रीन चोळले की मळासारख्या पांढऱ्या वळ्या निघतात. क्रीम नकली आहे की त्वचेत दोष आहे?

बहुतेक वेळा दोन्ही नाही. सनस्क्रीनमध्ये त्वचेवर पातळ पापुद्रा धरणारे पॉलिमर असतात. काहींत सिलिकॉन आणि झिंक ऑक्साइडची पूडही असते. पापुद्रा अर्धवट सुकला असताना चोळत राहिले, की तो फाटून गुंडाळला जातो. खालचे लोशन ओले असेल, थर जाड असेल किंवा त्वचेवर कोंडा असेल, तर हे लवकर होते. त्यात आपली हवा दमट. लोशनमधले पाणी सावकाश उडते, वर घाम येतो. आणि तारापूर एमआयडीसीतली पहिली शिफ्ट गाठणाऱ्याला थांबायला वेळ नसतो.

वळ्यांमुळे त्वचेला अपाय होत नाही. पण जिथून पापुद्रा निघाला, तिथे ऊन थेट लागते. वळ्या टाळायला पुष्कळ जण चिमूटभरच सनस्क्रीन लावतात, आणि खरी चूक इथे होते. डबीवरचा एसपीएफचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम एवढ्या थरावर मोजलेला असतो. थर पातळ झाला की संरक्षणही घटते.

मात्रा तीच ठेवा, लावण्याची रीत बदला. चेहरा धुऊन टिपून घ्या. लोशन थोडेच लावा; त्वचा तेलकट असेल तर वगळले तरी चालेल. पाचेक मिनिटांनी दोन बोटांवर मावेल एवढे सनस्क्रीन दोन टप्प्यांत चेहऱ्याला, कानांना आणि मानेला लावा. रगडू नका, हलके पसरून थोपटा. पावडर त्यानंतर. बाहेर पडण्याआधी 15 मिनिटे हे उरका. तरीही वळ्या निघाल्या, तर लोशन आणि सनस्क्रीन दोन्ही हाताच्या पाठीवर लावून पाहा. तिथेही वळ्या निघाल्या तर दोहोंपैकी एक बदला.

केळवे-चिंचणीच्या किनाऱ्यावर, चिकूच्या वाडीत किंवा मासळी सुकवताना दर दोन तासांनी घाम पुसून पुन्हा लावा. टोपी आणि पूर्ण बाह्यांचे कपडेही हवेतच.

खाज, लाली, आग किंवा पुरळ मात्र वळ्यांच्या खाती टाकू नका. ते क्रीम बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. कारखान्यात रसायनांशी संबंध येत असेल, तर तेही सांगा. रसायनांपासून सनस्क्रीन वाचवत नाही. तिथे हातमोजेच लागतात.