अक्षरांची मुद्राचित्रं घेताना

सई, पहिल्या पगारापासून अक्षरांची मुद्राचित्रं जमवायची म्हणतेस, मला मनापासून आनंद झाला. नीट ऐक.

आवडलेलं चित्र आधी उलटं धरून बघ. अक्षर वाचता येईनासं झालं की रेघेची जाडी, वळणाचा जोर आणि मधली रिकामी जागा दिसायला लागते. उलटं धरूनही नजर खिळली, तरच पाकिटाला हात घाल. अच्युत पालवांनी मोडी आणि देवनागरीच्या मेळातून घडवलेली अक्षरं अशीच बघ. कुठे जोर दिलाय, कुठे हात हलका सोडलाय ते समजेल.

दुकानदार 'ओरिजिनल' म्हणाला, की दहापट मोठं दाखवणारं भिंग काढायचं. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके फुलासारखे गोल मांडलेले दिसले तर ते ऑफसेटवर छापलेलं पोस्टर. स्क्रीनप्रिंटचा रंग बहुधा सलग असतो, कागदावर किंचित उठून बसतो. एचिंगमध्ये छपाईच्या पत्र्याची कड कागदात दबलेली दिसते; चित्र उजेडात तिरपं धर. पोस्टर घ्यायला हरकत नाही, फक्त पोस्टरच्या भावात घे!

रॉबर्ट इंडियानाचं 'लव्ह' तुला ठाऊकच आहे, तिरक्या 'ओ'चं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या १९६५ च्या नाताळ कार्डावर ते आलं. त्याचा कॉपीराइट वेळेवर राखला गेला नाही, म्हणून जगभर त्याच्या वाटेल तशा नकला निघाल्या. तेव्हा प्रसिद्ध चित्राला भुलू नकोस. खाली पेन्सिलीतली सही आणि आवृत्तीचा आकडा शोध. १२/५० म्हणजे पन्नासांतली बारावी प्रत. स्क्रीनप्रिंटमध्ये बारावी काय नि चाळिसावी काय, सारखीच. ड्रायपॉइंटचं, म्हणजे सुईने थेट पत्र्यावर ओरखडून काढलेल्या चित्राचं, तसं नाही; त्याचा पत्रा लवकर झिजतो, तिथे आधीच्या प्रती घ्याव्यात. सही-आकड्याचीही नक्कल होते, म्हणून शक्यतो चित्रकाराकडून किंवा नावाजलेल्या गॅलरीतूनच घे आणि पक्कं बिल माग. नव्या मुलांची कामं बघायला जे. जे. स्कूलच्या वार्षिक प्रदर्शनाला जात जा. तिथे हाताने काढलेली प्रिंट परवडते आणि काढणाऱ्याशी बोलताही येतं.

आता मुंबईचा पावसाळा. यात मी कुणाचंच ऐकत नाही. लॅमिनेशन करायचं नाही, सेलोटेप लावायची नाही, मागे प्लायवूड ठोकायचं नाही. प्लायवूडमधलं आम्ल उतरून कागद तपकिरी पडतो. माउंट आम्लमुक्तच हवा आणि काच कागदाला टेकता कामा नये. चित्र अडकवायचं ते पातळ जपानी कागदाच्या पट्टीने, गव्हाच्या खळीने, फक्त वरच्या कडेला. पाऊस झोडपतो त्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नकोस, उन्हातही नको. फ्रेमच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटव म्हणजे हवा खेळती राहील. गणपती झाले की एकेक फ्रेम उतरवून बघ. तांबूस ठिपके किंवा कसर दिसली तर घरी पुसत बसू नकोस, कागदाचं संवर्धन करणाऱ्या जाणकाराकडे ने.