एसयूव्हीचे ॲव्हरेज घटते तेव्हा

कुटुंबाच्या एसयूव्हीचे ॲव्हरेज दोन प्रकारच्या कारणांनी घटते. एक तर गाडीत बिघाड झालेला असतो, नाहीतर गाडीचा वापर बदललेला असतो. पंपावर दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो, उपाय मात्र वेगळे असतात. रायगडच्या किनाऱ्यावर ही गल्लत सहज होते. मुंबईहून आलेली गाडी शनिवारी वडखळ-अलिबाग रस्त्याच्या कोंडीत रांगते, कार्लेखिंड चढते आणि रेवदंडा-काशीद-मुरूडच्या वळणांवर बराच वेळ खालच्या गिअरमध्ये राहते. श्रीवर्धनकडची घरची गाडी शाळा-बाजाराच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारते आणि तिचे इंजिन नीट गरमच होत नाही. अशा वापरात निर्दोष गाडीही कंपनीने सांगितलेल्या आकड्याजवळ जात नाही, कारण तो आकडा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. तुलना करायची ती त्याच गाडीच्या, त्याच रस्त्यावरच्या जुन्या ॲव्हरेजशी.

त्यासाठी आधी मोजमाप हवे. टाकी फुल करताना नोझल आपोआप बंद झाले की थांबावे आणि ट्रिप मीटर शून्यावर आणावा. टाकी बरीचशी रिकामी झाली की त्याच पंपावर, त्याच रीतीने पुन्हा भरावी. 440 किलोमीटरला 40 लिटर लागले, तर ॲव्हरेज 11. डॅशबोर्डवरचा आकडा अंदाजी असतो, त्यावर निदान करू नये. एका टाकीवरही भरवसा ठेवू नये. दोन-तीन टाक्यांची सरासरी घ्यावी. हौसेने मोठे टायर बसवले असतील तर मीटर प्रत्यक्षापेक्षा कमी अंतर दाखवतो. घेर 5 टक्के वाढला तर ॲव्हरेजही साधारण तेवढेच कमी भासते.

घट खरी ठरली की तपासणी चाकांपासून सुरू करावी. टायरमधली हवा गाडी थंड असताना, चालकाच्या दरवाजाजवळच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. टायर एका कडेने झिजत असतील तर अलाइनमेंट तपासावी. टपावरचे रिकामे कॅरिअर उतरवून ठेवावे; महामार्गाच्या वेगाला ते वारा अडवते आणि इंधन खाते.

किनाऱ्यावर सर्वांत आधी संशय घ्यावा तो अडकलेल्या ब्रेकचा. खारे वारे आणि लांबलेला पावसाळा यांमुळे कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजतात, पॅड डिस्कपासून सुटत नाही आणि इंजिन सतत ब्रेकशी झुंजत राहते. सपाट, मोकळ्या रस्त्यावर न्यूट्रल केल्यावर गाडी लवकर मंदावते, एका बाजूला ओढते किंवा एकाच चाकाच्या रिमवर काळी भुकटी जास्त साचते. फारसा ब्रेक न लावता फेरी मारून थांबल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन पाहावा. डिस्कला स्पर्श करू नये, भाजते. एखादे चाक इतरांपेक्षा स्पष्ट गरम लागले, तर दोष तिथेच शोधावा. पिना साफ करून ब्रेकसाठीचे ग्रीस लावणे आणि फाटलेले रबर बदलणे हे काम इंजेक्टरच्या खर्चापुढे किरकोळ आहे. सुट्टीपुरती वापरली जाणारी गाडी हँडब्रेक ओढून आठवडेच्या आठवडे उभी राहिली, तर मागचे ब्रेक चिकटतात. सपाट जागी ती गिअरमध्ये ठेवून चाकांना उटी लावावी. पुळणीवर गाडी घालू नये. घातलीच तर तळ आणि चाके गोड्या पाण्याने धुवावीत.

चाके निर्दोष निघाली तर इंजिनाकडे वळावे. थर्मोस्टॅट उघडाच अडकला की तापमानाचा काटा नेहमीच्या जागी पोचत नाही आणि इंजिन थंड समजून जास्त इंधन सोडले जाते. डिझेल गाडीत टर्बोपासून इंजिनाकडे हवा नेणारा होज फाटला तर सूं आवाज, काळा धूर आणि ओढ कमी होणे, ही लक्षणे दिसतात. स्कॅनरवर आलेला कोड हा तपासाचा धागा आहे, निकाल नव्हे. सेन्सर बदलण्याआधी त्याची वायर आणि जोड पाहावेत, कारण खाऱ्या हवेत जोडही गंजतात. नव्या पेट्रोल गाडीत मळलेला एअर फिल्टर ॲव्हरेजपेक्षा पिकअप जास्त बिघडवतो. तो वेळेवर बदलावा, पण त्यावरून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 निकषांच्या बहुतेक डिझेल एसयूव्हींत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. छोट्या फेऱ्यांत त्यात काजळी साचते आणि ती जाळायला जास्तीचे डिझेल खर्च होते. अधूनमधून मुंबई-गोवा महामार्गाच्या मोकळ्या टप्प्यावर, पुस्तिकेत दिलेल्या वेगाने, गाडी न थांबता चालवावी.

पेट्रोल गाडीत इथेनॉल मिसळलेल्या इंधनाचाही हिशोब धरावा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. मूळ रचना शुद्ध पेट्रोलची आणि जुळणी 10 टक्के इथेनॉलची, अशा चारचाकीचे ॲव्हरेज 20 टक्के मिश्रणावर 6 ते 7 टक्क्यांनी घटते, असा अंदाज नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात आहे. ही घट गॅरेजमध्ये भरून निघत नाही. घट याहून बरीच जास्त असेल, तर दोष गाडीत किंवा वापरात शोधावा.

दुरुस्ती एका वेळी एकच करावी आणि पुन्हा टाकी मोजावी. चार भाग एकदम बदलले तर गुण कशाने आला ते कळत नाही आणि चांगला भागही भंगारात जातो. इंजेक्टर आणि इंधनपंप खोलायचे ते सर्वांत शेवटी, आणि तेही चाचणीचे आकडे लेखी हाती आल्यावरच.