चौथीच्या वर्गातील कला व अभ्यास

इयत्ता चौथीतील मूल साधारणतः नऊ-दहा वर्षांचे असते. परीकथेच्या जगातून बाहेर पडून ते भोवतालाकडे जिज्ञासेने पाहू लागते. नेमक्या याच वेळी अनेक शाळांतून चित्र, गायन व हस्तव्यवसाय मागे पडतात. हेच विषय गणित-भूगोलाच्या अध्यापनाचे साधन कसे होतात, हे वॉल्डॉर्फ शिक्षणपद्धतीत पाहावयास मिळते.

या पद्धतीची पहिली शाळा जर्मनीतील स्टुटगार्ट येथे १९१९ साली रुडॉल्फ स्टायनर यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झाली. ती प्रथमतः एका सिगारेट कारखान्यातील कामगारांच्या मुलांसाठी होती. निपाणीसारख्या तंबाखूच्या पेठेतील वाचकांना हे विशेष जवळचे वाटेल. कला ही सधनांच्या मुलांची चैन नव्हे, हा तिचा आरंभीचा धडा होय. आपल्याकडे अशा शाळा प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. मुंबईची 'त्रिधा' ही त्यांपैकी एक. तथापि, त्यांतील पुष्कळसे काम बेळगावच्या कॅम्प भागातील साध्या वर्गातही करता येण्याजोगे आहे.

अपूर्णांक : चौथीत अपूर्णांकांची ओळख नियमाने न होता वस्तूने होते. एक भाकरी चौघांत वाटली की पाव, अर्धा व पाऊण हे शब्द अर्थासह समजतात. पुढे टाळी येते. एका मात्रेत एक टाळी, मग त्याच मात्रेत दोन, नंतर चार. अर्धा व पाव भाग मूल कानाने ओळखते. जुन्या मराठी शाळांतील पावकी, निमकी व पाऊणकी पाठ करण्यापूर्वी हा अनुभव मिळाल्यास पाठांतर ओझे होत नाही.

परिसराचा भूगोल : प्रथम वर्गाचा, मग शाळेचा व नंतर वस्तीचा नकाशा मूल स्वतः काढते. कॅम्पमधील मुलाच्या नकाशात घर, बाजार, किल्ला व रेल्वे स्टेशन येईल. त्यानंतर मार्कंडेय नदी घटप्रभेस व घटप्रभा कृष्णेस मिळते, हे सांगितले म्हणजे दूरचा प्रदेशही आपल्या अंगणाशी जोडला जातो. स्थळांची नावे मराठी, कन्नड वा उर्दू, मूल घरी बोलते त्या भाषेतही लिहू द्यावीत. सीमाभागात या साध्या गोष्टीचे मोल मोठे आहे.

हस्तव्यवसाय : वॉल्डॉर्फ शाळांत या वर्षी फुलीच्या टाक्याचे भरतकाम शिकवितात. आपल्याकडे धारवाड भागातील कसूती आहे. कापडावर नक्षी न छापता, धागे मोजून व गाठ न मारता ती भरतात. मोजणी चुकली की नक्षी स्वतःच चूक दाखविते. शिक्षकाला रागवावे लागत नाही.

या पद्धतीत मुले शिकलेला भाग स्वतःच्या वहीत लिहून व रंगवून आपले पुस्तक तयार करतात. यासाठी खर्च थोडा, परंतु शिक्षकाची पूर्वतयारी व सलग वेळ आवश्यक असतो. वारंवार तासिका बदलल्यास हे काम साधत नाही. म्हणून मुख्याध्यापकांनी रोज सकाळचा सलग वेळ एकाच विषयास दोन-तीन आठवडे द्यावा. गावातील भजनी, सुतार व भरतकाम जाणणाऱ्या स्त्रिया यांना ग्रामस्थांनी शाळेत आणावे. नियम न समजल्याने मागे बसलेले मूल टाळीने, सुईने वा रंगाने पुढे येऊ शकते. त्याला ती संधी चौथीतच मिळावयास हवी.